केळझरच्या उतारावरचं कर्रर्र

"आपल्या चाकाचा आवाज कोनी ऐकून दाखवा, दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव लावतो," असं कैलासनं सेलूच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर चारचौघांत सांगितलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. माउंटन बाइकला कार्बनची नवी चाकं, आणि त्यात मधोमध, आसाभोवती, बिनआवाजी हब. केळझरच्या टेकडीमागच्या उतरणीवरून आपण सटकन निघून जाऊ आणि झाडावरच्या माकडाला ते मागाहून कळेल, असंही त्यानं वर जोडलं.

दुपारी दीडला तो परत आला. पायी, सायकल हातानं ढकलत. पँटभर बोरीचे काटे, एक बूट गायब, आणि तोंड असं की टपरीवाल्यानं न विचारताच चहात साखर जास्त टाकली.

काय झालं ते त्यानं टपरीवर सांगितलं नाही. घरी बायकोला, जयाला सांगितलं, तेही स्वयंपाकघराचं दार लोटून.

"गुलाब मांगं होता," तो म्हणाला.

जयाची पोळी तव्यावर करपली. गुलाबला जाऊन अकरा महिने झाले होते.

आता गुलाब कोण, ते सांगायला पाहिजे. गुलाब कैलासचा मित्र, सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये कामाला होता. दिवसभर रक्ताच्या बाटल्या बघायच्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावायची, एकीचं नाव दुसरीला जाऊ द्यायचं नाही, असल्या कामातला माणूस. सायकलची चाकंसुद्धा त्यानं तशीच निवडली. दोन वर्षं लागली. वहीत हबांची नावं आणि प्रत्येकापुढं त्याचा आवाज: हा किर्र, हा टिकटिक, हा तेल संपलेल्या शिलाई मशीनसारखा. कारण उतारावर पाय थांबले की मागच्या हबातले दाते एकमेकांवरून घसरतात आणि त्याचा आवाज येतो, आणि गुलाबच्या मते माउंटन बाइकमध्ये रिम, टायर, स्पोक हे सगळं पोटापुरतं. खरी वस्तू म्हणजे तो आवाज. रोज संध्याकाळी तो कैलासला फोन करायचा आणि नवा सापडलेला आवाज तोंडानं काढून दाखवायचा. फोन जयानं उचलला तर जयाला.

कैलासचं मत उलटं. त्याचं सेलूत मोटरपंपाचं आणि पाइपांचं दुकान. त्याच्या धंद्यात जी मोटर आवाज करते ती बिघडलेली असते. दोघं त्यावरून दोन वर्षं भांडले. केळझरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर बसून भांडले, वर्ध्याच्या लग्नात पंगतीत भांडले, वाढणारा बुंदीचं भांडं धरून खोळंबला तरी भांडले.

"अबे, जंगलात मानसानं वाजत जावं," गुलाब म्हणायचा. "समोर डुक्कर असो का मानूस, त्याले समजलं पाह्यजे का आपन कोन होय."

शेवटी गुलाबनं एक हब पक्का केला, निळ्या रंगाचा, सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा. कार्बनच्या रिममध्ये भरून चाकं मागवली. आणि सप्टेंबरातल्या एका दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. चाकांचं खोकं तीन आठवड्यांनी आलं. त्याच्या नावानं.

सुलोचनाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते खोकं जूनपर्यंत कपाटाशेजारी उभं ठेवलं. मग कैलासला बोलावून घेतलं.

"दोन वर्ष त्यायच्या तोंडानं ऐकला म्या तो आवाज," ती म्हणाली. "वर्षश्राद्धाच्या दिवशी मले केळझरले गनपतीपाशी तो खऱ्या चाकाचा ऐकाचा हाय, कैलासभाऊ. येवढं करा. मंग चाकं तुमचीच."

कैलासचे डोळे भरून आले. त्यानं खोकं गाडीत घातलं, आणि डोळे पुरते सुकायच्या आत वर्ध्याला तानबा मिस्त्रीच्या दुकानात जाऊन निळा हब काढायला लावला, बिनआवाजी बसवून घेतला. वर्षश्राद्धाला अजून तीन महिने होते. तेव्हा पाहू, असं त्यानं मनाला सांगितलं आणि मनानं ते लगेच मानलं. निळा हब तानबाच्या फळीवरच ठेवला. सुलोचनाबाईचा फोन आला तेव्हा म्हणाला, "जशीच्या तशी हायेत, वहिनी."

तर असं आहे. त्यामुळे त्या दुपारी उतरणीच्या मधोमध, वारा पडलेला, पळसाचं पान हलत नाही, आणि पाठीमागून जेव्हा 'कर्रर्रर्र' आलं, तेव्हा कैलासला मागं वळून बघायची गरजच वाटली नाही. त्याला ठाऊक होतं कोण आहे. तो थेट बोरीत शिरला.

दुसऱ्या खेपेला तो बजरंगाचं नाव घेऊन गेला. उतरू लागला की कर्रर्र. थांबला की चूप. पुन्हा सुटला की पुन्हा कर्रर्र, या वेळी जरा डावीकडून. जणू गुलाब शेजारी चालत होता आणि विचारत होता, आता कसं वाटून राह्यलं बे. कैलासनं ब्रेक सोडले. तेवढ्यात हेल्मेटवर टण्णदिशी एक खडा बसला. गुलाब जिवंतपणी चिडला तर चहाचा कप आपटायचा, त्यापुढं कधी गेला नव्हता. मेल्यावर स्वभाव बिघडलेला दिसत होता.

चाक घेऊन तो तानबाकडे गेला. तानबा सत्तरीचा माणूस, चष्म्याला दोरी, स्पोक बोटानं छेडून ताण सांगणारा. त्यानं हब उघडला, ग्रीस पाहिलं, बंद केला, स्टँडवर चाक फिरवलं. चाक तीन मिनिटं फिरत राहिलं. दुकानातल्या घड्याळाचा आवाज येत होता, चाकाचा नाही.

"हे चाक नाई बोलत जी," तानबा म्हणाला. "दुसरं कोनतरी बोलून राह्यलं."

निळा हब परत बसवून देता का, असं कैलासनं खाली बघत विचारलं. तो तर गेला, तानबा म्हणाला. फळीवर पडून होता, कोणी शेतकरी मागायला आला, त्याच्या कामाचा होता, देऊन टाकला. नाव काही आठवत नाही. पागोटं होतं, एवढं आठवतं.

पंधरा दिवस उरले. कैलास झोपेत पाय थांबवू लागला. जया सांगते, मध्येच दोन्ही पाय ताठ करायचा आणि कान टवकारायचा. दुकानात गिऱ्हाइकानं पंप चालू केला की पाइप हातातून सोडायचा. जयानं मग बायकांना विचारून उपाय काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावातली रोगराई, किडे, माश्या, सगळी पीडा मारबतीच्या पुतळ्यासोबत वेशीबाहेर घालवतात. त्यात हेही जाऊ दे, ती म्हणाली. चाकाला काही करायचं नाही, नुसतं वेशीपर्यंत नेऊन, दोन पावलं बाहेर ढकलून, परत आणायचं.

कैलासनं पहाटे मागचं चाक हातात घेतलं, लोकांच्या मागं उभा राहिला आणि त्यांच्या आरोळीत आपली मिसळली: "खोकला, खरूज अन् गुलाबले घेऊन जाय गे मारबत." आणि चाक दोन पावलं ढकललं.

बिनआवाजी हब खरोखरच उत्तम प्रतीचा होता. चाक दोन पावलं गेलं, मग दहा, मग रस्त्याला उतार लागला आणि ते नागपूरच्या दिशेनं, कसलाही आवाज न करता, निघून गेलं. कैलास मागं पळाला, पण धुक्यात ते कुठं वळलं तेही कळेना. ऐकून शोधावं तर आवाज नाही. आठ वाजता मोटारसायकलवरचा एक माणूस ते घेऊन दारात आला. दोन किलोमीटरवर म्हशींच्या गोठ्यात सापडलं म्हणे, आणि एवढं चांगलं चाक म्हणजे कैलासभाऊचंच असणार, हे त्यानं ओळखलं. त्याला चहा द्यावा लागला. पीडा मारबतीनं नेली होती, मोटारसायकलवाल्यानं परत आणून दिली.

त्याच संध्याकाळी सुलोचनाबाईचा फोन आला. येत्या रविवारी वर्षश्राद्ध. ती सकाळच्या बसनं केळझरला येणार.

शुक्रवारी भर बाराला कैलास एकटाच उतरणीवर गेला. अर्ध्यात सायकल आडवी केली, हेल्मेट मात्र घालून ठेवलं, आणि झुडपांकडे तोंड करून हात जोडले. बोलायचं ते त्यानं रस्ताभर पाठ केलं होतं, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"गुलाब, चुकलो बे. तुहा हब म्या काढला. वहिनीशी खोटं बोललो. अन् तुहा आवाज वाईट नोयता, मले तुह्यापुढं हार खायची नोयती, बस. येक डाव माफ कर, अन् तो हब कोठी हाय तेवढं सांग."

झुडूप हललं.

"डुक्कर नोय का जी तुमी?" झुडपानं विचारलं.

पागोटं बाहेर आलं, त्याखाली एक वाळका माणूस, हातात गोफण. उतरणीला लागून याची वांगी आणि भेदरं, म्हणजे टमाटे, होती, कडेनं मका. नाव नत्थू. दर शुक्रवारी सेलूच्या बाजारात भाजी घेऊन येणारा आणि या शुक्रवारी न गेलेला, कारण तीन-चार आठवड्यांपासून एक मोठं डुक्कर भर दुपारी याच वाटेनं उतरत होतं.

"मी कैलास. पाइपवाला," कैलास कसाबसा म्हणाला.

"मंग वाजत काऊन नाई?" नत्थू रागावला. "झुडूप हालते, आवाज काई नाई. मानूस असता तं वाजला असता. म्या दोरी वढली, गोफन मारली, तं हे डुक्कर टोपी घालून पयते."

त्यानं मचाण दाखवलं. खालच्या खुंटाला एक जुनी रिम आडवी बसवलेली, मध्ये हब, हबाला गुंडाळलेली दोरी, आणि बुडाशी तेलाचा रिकामा पिपा. नत्थूनं दोरी ओढून सोडली. रिम गरगरली आणि पिप्यातून, सगळ्या मक्यावरून, टेकडीपर्यंत कर्रर्रर्र गेलं. हब निळा होता.

कैलास बांधावर बसला. हसावं असं त्याला वाटलं, पण हसू आलं नाही. गुलाबचा हब कैलासच्या आधीच केळझरला पोचला होता, आणि रोज दुपारी, ज्या कामासाठी तो घेतला होता तेच करत होता.

नत्थू हब सोडायला तयार नव्हता. कैलासनं बिनआवाजी हब बदल्यात देऊ केला. नत्थूनं तो हातात धरून फिरवला, कानाला लावला, परत दिला. मुका हाय, म्हणाला. शेवटी कैलासनं दुकानातून भाजीच्या गाड्यांवर असतो तसला बॅटरीचा भोंगा आणला. त्यात काय भरायचं? फोनमध्ये गुलाबचे जुने निरोप होते. एक निवडला, वीस सेकंदांचा, नुसता तोंडानं काढलेला आवाज. भोंगा मचाणावर बांधला, बटण नत्थूच्या हाताशी ठेवलं. पहिल्यांदा लावला तेव्हा मक्यातून चार खरी डुकरं पळाली आणि कैलासही चार पावलं मागं सरला.

तानबानं शनिवारभर बसून निळा हब परत चाकात भरला.

रविवारी सुलोचनाबाई केळझरच्या पायऱ्यांखाली उभी होती, हातात पिशवी, पिशवीत नारळ. कैलास वरून उतरत आला, तिच्यापासून वीस हातांवर त्याचे पाय थांबले, आणि चाक वाजलं. सगळा उतार वाजत आला. ती डोळे मिटून ऐकत होती.

"असाच काढत होते," ती म्हणाली. "फकस्त थुका उडे त्यायचा."

मग कैलासनं तिला सगळं सांगितलं, तानबापासून मारबतीपर्यंत, काही लपवलं नाही. तिनं वाकून निळ्या हबावरून बोट फिरवलं. तेवढ्यात खालच्या मक्यातून, वारा नसताना, गुलाबचं तोंडी कर्रर्र वर आलं. नत्थू जागा होता.

"चाकाची पूजा करून घ्या आता," ती म्हणाली. "तुमचंच झालं ते."

पायऱ्यांशी हार-नारळाचं दुकान लावणारे अण्णाजी होते. नव्या गाडीचा नारळ तेच फोडायचे, चाळीस वर्षांपासून, आणि चाळीस वर्षं बहुतेक ट्रॅक्टरच आले होते, त्यामुळे खाली दगड शोधायची त्यांना सवय नव्हती. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडावर एक घाव, की झालं. त्यांनी मागच्या चाकाला हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ कपाळाला लावला. कैलास हात जोडून डोळे मिटून उभा होता, म्हणून घाव कुठं बसला ते त्याला दिसलं नाही.

नारळ शाबूत राहिला. रिमला वीतभर चीर गेली.