वाटेवरचे देवदार

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मिल्हेमकाकाने आमच्या बागेची दोरीने मापं घेतली. सांत्वनाला आलेल्यांच्या खुर्च्या अंगणात तशाच होत्या. कॉफीचे कप विसळता विसळता आईने खिडकीतून त्याला पाहिलं.

काकाचं घर आमच्या मागे, खाली उतारावर. तिथे जायला फक्त पायवाट. त्याने नवा पिकअप घेतला होता आणि सफरचंदाच्या पेट्या दारातूनच भरता याव्यात म्हणून त्याला आमच्या बागेतून रस्ता हवा होता.

"वहिनी, दादाने मला शब्द दिला होता," तो म्हणाला.

"दिला असेल," आई म्हणाली. "मग त्याच्याकडूनच घ्या, भावोजी."

त्याच आठवड्यात ती खाली किनाऱ्याकडच्या रोपवाटिकेत गेली आणि निळसर झाक असलेले पाच शोभेचे देवदार घेऊन आली. माझ्या खांद्याला लागतील एवढे होते. काकाने जिथे दोरी धरली होती, नेमक्या त्याच रेषेत तिने खड्डे खणले. तळाला दगड पसरले, वर भुसभुशीत माती. वाऱ्याने शेंडा वाकू नये म्हणून प्रत्येकाला काठी बांधली. आमच्या डोंगरात सफरचंद तोडलं तर कोणी विचारत नाही, पण देवदार म्हणजे आमच्या झेंड्यावरचं झाड, ते तोडणाऱ्याला गाव जन्मभर नावं ठेवतं. वर सरकारी लचांड वेगळंच. आईला हे पक्कं ठाऊक होतं. काकालाही होतं.

"हौस दांडगी आहे हो विधवेला!" तो चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"नवरा गेलाय, हात नाही गेले," आई म्हणाली.

दोन वर्षं झाडं छान वाढली. तिसऱ्या उन्हाळ्यात कडेच्या दोन झाडांची सुईसारखी पानं पिवळी पडून गळायला लागली. आईला वाटलं कीड असेल. तिने फांद्या उलटून पाहिल्या, काही सापडलं नाही. मग बुंध्याजवळ खणलं. मूळ हातात आलं ते काळं, लिबलिबीत, नासक्या बटाट्याच्या वासाचं. माती पिळली तर पाणी गळत होतं. वर भर उन्हाळा, आणि आमची पाण्याची पाळी तर अजून आलीच नव्हती.

पाट आमच्या कुंपणालगतच काकाच्या मळ्याकडे जातो. देवदारांपाशी त्याचा बांध फोडलेला होता आणि वर गवत टाकलेलं.

आई तशीच, मातीच्या हातांनी त्याच्या दारात गेली. मी मागोमाग. काका व्हरांड्यात काकडी सोलत बसला होता.

"माझी झाडं कुजवलीत."

"मी? वहिनी, मी पाणीच तर घातलं. विष नाही घातलं. पोरकी झाडं, म्हटलं तहानलेली असतील." आणि काकडीची एक फोड त्याने माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

घरी आल्यावर आईने कुदळ उचलली. देवदारांच्या मुळांपासून थेट उताराकडे तिने चर खणला, गुडघाभर खोल. मला हात लावू दिला नाही. पुढच्या पाळीला काकाने पुन्हा बांध फोडला. या वेळी सगळं पाणी चरातून धावत त्याच्याच तळघरात शिरलं. लवकरच्या सफरचंदांच्या पेट्या तिथे रचलेल्या होत्या.

अदलाकाकू ओरडत आली. "अगं सटवे, आमचं वर्षाचं पीक बुडवलंस!"

"पाणीच तर आहे," आई म्हणाली. "विष नाही."

मागून काका कुऱ्हाड घेऊन आला. शेजारीपाजारी गच्च्यांवर जमले. आई मधल्या देवदारापुढे उभी राहिली, हाताची घडी घालून.

"घाला घाव. सगळं गाव बघतंय."

तो झाडाकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. मला खरंच वाटलं, घाव तिच्यावरच पडणार. शेवटी अदलाकाकूने त्याची बाही धरून ओढलं. जाता जाता तो आमच्या बागेत थुंकला.

कडेची दोन्ही झाडं गेली. तीन जगली. काकाने आजोबांच्या हातची सफरचंदाची झाडं तोडून दुसऱ्या बाजूने रस्ता काढला. तोडताना तो रडत होता म्हणतात. आई त्या दिवशी दार लावून कपडे शिवत बसली होती.

आता ते तीन देवदार छपराच्या वर गेलेत. आईच्या खोलीत दुपारीही दिवा लागतो. मी बैरूतहून येते तेव्हा म्हणते, "खालच्या फांद्या तरी छाटू या."

"छाटल्या की त्यांचं अंगण दिसेल," ती म्हणते.

गेल्या हिवाळ्यात काका गेला. आई चर्चला आली नाही. मी एकटी गेले. अदलाकाकूने दुखवट्याची कडू कॉफी हातात दिली आणि म्हणाली, "तुझ्या आईच्या झाडांनी आमच्या अंगणातलं ऊन खाल्लं. त्याला शेवटी शेवटी फार थंडी वाजायची." मी कप रिकामा केला आणि उठले.

घरी आले तर आई दिव्याखाली मसूर निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "किती माणसं होती?"

"बरीच."

"तुझ्या बापाला जास्त होती," ती म्हणाली आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.