बाईंनी फळ्यावर लिहिलेलं

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या कांद्याच्या पोत्यावर 'किरणप्रक्रिया केलेले' असा शिक्का एका आईने पाहिला आणि तिसऱ्या दिवशी पालकांची सभा बसली. स्वयंपाकीण ठेवायची की काढायची, एवढंच तिथे ठरायचं होतं.

स्वयंपाकीण म्हणजे बाईंची सख्खी भाची. आणि बाई याच शाळेत तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या.

"मावशी, तू येऊ नकोस," भाचीने बजावलं होतं. "उद्यापासून साधे कांदे आणते म्हणेन. विषय संपला."

"चूक नसताना नाक कशाला घासायचं? सगळे माझ्या हाताखालून गेलेत. माझं ऐकतील."

बाई सभेत उठल्या. आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचत होता. "कोंब फुटू नयेत म्हणून कांद्यातून किरणं सोडतात. ती आरपार जातात, मुक्कामाला राहत नाहीत. दिवा मालवल्यावर भिंत उजेड देते का?"

गावातला शिंपी उभा राहिला. वर्गात कधी मान वर न करणारा मुलगा. आता त्याची मुलगी इथेच जेवत होती. "बाई, तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतंत. किरणं लागलेली वस्तू स्वतः किरणं सोडू लागते. माझ्याकडून वीस वेळा लिहून घेतलंत. झोपेतही म्हणून दाखवीन."

"आम्हीपण," दोन-तीन बाकांवरून आवाज आले.

बाईंना तो तास लख्ख आठवला. पुस्तकात अणुबाँबचा धडा होता आणि त्याखाली अन्नावर सोडायच्या किरणांची एक ओळ. ती धड न वाचता त्यांनी बाँबची राख आणि कांदे-बटाटे एकाच टोपलीत घातले होते. पुढे दरवर्षी, त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून.

"माझं चुकलं होतं," त्या म्हणाल्या.

"कधी कळलं?"

"झाली नऊ-दहा वर्षं."

"आणि सांगायला आज सवड झाली. भाचीच्या पोटावर पाय आला तेव्हा."

लोक हसले. त्या हसण्यात माया नव्हती.

"हिलाच विचारा," बाईंचा तोल सुटला. "हिने तेव्हाच बरोबर लिहिलं होतं. मी शून्य दिलं, भर वर्गात वही भिरकावली."

भाचीने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे हिला लहानपणापासून सगळं ठाऊक," शिंपी सावकाश म्हणाला, "आणि आम्ही अडाणी. म्हणून आमच्या पोरांच्या ताटात काय वाढते ते आम्हाला विचारायची गरज नाही."

मग कोणी कांद्याबद्दल बोललंच नाही. काढायची म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. कोपर ताठ, बोटं जुळलेली, बाईंनी लावलेल्या शिस्तीत. विरोधात एकटा बाईंचा हात, आणि त्या पालक नसल्यामुळे तो धरला नाही.

स्वयंपाकघरात भाचीने अॅप्रन सोडून खुंटीला लावला आणि पोतं दाराकडे ओढू लागली. संध्याकाळच्या आत ते बाहेर टाकायचा हुकूम होता.

"त्या शून्याचं मला कधी काही वाटलं नाही, मावशी," ती मागे न बघता म्हणाली. "आज तेवढं गप्प बसायचं होतंस."

बाई पोत्याचं दुसरं टोक धरायला वाकल्या.

"राहू दे," भाची म्हणाली. "शिकवलंस तेवढं पुरे."