एकच सोडला होता

नांदेडच्या दवाखान्यात माझ्या गर्भाशयात एकच भ्रूण सोडला. पाच दिवसांचा. मी तो पडद्यावर पाहिला होता. म्हणून साखऱ्याला घरी परतल्यावर सासूबाईंनी (आम्ही सुना त्यांना आत्या म्हणतो) देवासमोर बसवलं, तेव्हा मला काहीच अवघड वाटलं नाही.

"दोन झाले तर एक शालूच्या वटीत. व्हय म्हन."

शालूबाई माझी मोठी जाऊ. लग्नाला सोळा वर्षं, मूल नाही. माझी इंजेक्शनं द्यायला त्या गावच्या नर्सकडून शिकल्या होत्या. जे होणारच नाही ते कबूल करायला काय जातं? "व्हय," म्हणाले आणि शालूबाईंच्या पदरात नारळ घातला. आमच्याकडे त्यानंतर शब्द फिरत नाही.

सातव्या आठवड्यात सोनोग्राफीला त्याच सोबत आल्या. डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. दोन ठिपके, दोन्ही लुकलुकणारे.

"पण एकच सोडला होता," मी म्हणाले.

"एकच. आत गेल्यावर दुभंगला. शंभरात एखाद-दुसऱ्या वेळी होतं. वार, म्हणजे प्लासेंटा, दोघांत एकच दिसतेय, जपावं लागेल."

एकसारखी जुळी अशीच होतात, हे मी दहावीच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. देवासमोर बसले तेव्हा आठवलं नव्हतं.

शालूबाई पडद्याजवळ सरकल्या. "म्याडम, यातलं माजं कोनतं?"

डॉक्टरबाई थट्टा समजून हसल्या.

बसमध्ये मी सगळं धैर्य गोळा केलं. "शालूबाई, मी चुकले. मला देववणार नाही."

त्यांनी पिशवीतून डबा काढून उघडला. मग डब्यातली भाकरी माझ्यापुढे केली. "आधी खाय. सकाळपासून उपाशी हायस."

"ऐकलंत ना?"

"काहून नाई आयकलं? पन म्या आत्याला फोन करून दोन हायेत म्हनून सांगून बसले, प्रिया."

घरी ओसरीवर दोन पाट मांडलेले. गल्लीतल्या बाया ओटी भरायला जमलेल्या. सासूबाईंनी आम्हा दोघींना शेजारी शेजारी बसवलं.

"आत्या, मी शालूबाईंना नाही म्हणून सांगितलंय."

"बरं," म्हणत त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "येकाच घरात तर वाढनार हायेत लेकरं. कुटं लांब चाललंय?"

बाया हसल्या. मी उठायला गेले. शालूबाईंनी माझं मनगट धरलं, मान वर न करता.

"बस गं," त्या पुटपुटल्या. "येवढ्या बायांत मला येकटीला नको ठिवू."

सासूबाईंचं कुंकवाचं बोट शालूबाईंच्या कपाळाकडे वळलं. मी बसून राहिले.