मोटारीला बांधलेला हार

आमच्या बेलापूरच्या बंगल्यात स्विमिंग पूल आहे आणि घरात पोहता येणारा माणूस एकच, तोही अर्ध्या अंगानं लुळा. हसा, खुशाल हसा.

पूल बांधला ह्यांनी. हे म्हणजे हौसेराव, माझे यजमान, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातले अडते. समोरच्या गाळेवाल्यानं पनवेलकडं फार्महाऊस घेतलं आणि ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. "अहो, पण पाण्यात उतरणार कोण?" मी विचारलं. "उतरायला कशाला पाहिजे? चार लोकांनी बघायला पाहिजे," म्हणाले. पंच्याण्णव साली पूल झाला. रविवारी पाहुणे यायचे, काठावर खुर्च्या टाकून भजी खायचे, निळ्या पाण्याकडं बघून वा वा करायचे. झालं जन्माचं सार्थक!

पुढच्याच वर्षी गावाकडं, कोरेगावला, माझ्या सासऱ्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. आप्पांना आम्ही इकडं आणलं. डॉक्टर म्हणाले, रोज पाण्यात चालवा, पाण्यात अंग हलकं होतं, पाय ऐकायला लागतील. ह्यांना मार्केटातून सवड कुठली? मीच साडीचा काचा मारला आणि आप्पांना धरून उतरले. शेजारणी गॅलरीतून बघायच्या, सून सासऱ्याला घेऊन पाण्यात! बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

पहिल्या दिवशी मीच काठ सोडेना. आप्पा म्हणाले, "भिऊ नगंस उजे, तू बुडालीस तर मी काढीन." हात लोंबतोय, शब्द धड उमटत नाहीत, आणि निघाले मला वाचवायला! ऐन जवानीत आख्ख्या गावाची विहीर घुसळून काढायचा हा माणूस. पाण्यात गेले की त्यांचा चेहराच बदलायचा. श्रावण संपेपर्यंत माझा हात धरून ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लागले. नवरात्रात बोटं हलायला लागली. मी देवीपुढं ढसाढसा रडले.

दसऱ्याला ह्यांनी गाडीची, टीव्हीची, मार्केटातून आणलेल्या तराजूची पूजा केली. आप्पा म्हणाले, "आन् मोटार?"

"कसली मोटार?"

"पान्याची. तिच्यामुळं तर पानी निर्मळ ऱ्हातंय. विहिरीवरच्या मोटारीला हार घातल्याबिगर मी कधी सोनं लुटलं न्हाई."

पुलाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोपटात पाणी फिरवणारा पंप होता. आप्पांना खुर्चीवर नेलं. मी हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार बांधायला पुढं झाले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. मोटारीच्या मागच्या जाळीतून दोरा ओवला आणि उजव्या हातानं, त्या मेलेल्या हातानं, गाठ मारायला लागले. दोन वेळा सुटली. तिसऱ्यांदा बसली. लकवा झाल्यापासून त्या हातानं केलेलं ते पहिलं काम. आप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला म्हणाले, "हार काढू नगा. सुकला की आपसूक गळंल." गावाकडं तसंच करतात. काढला नाही.

हार सुकला, गळून पडला, आणि मोटार बिघडली. बटण दाबलं की नुसती घूं करायची, तापून चटका बसायचा, मग फ्यूज उडायचा. महाप्याच्या कारखान्यात कामाला असलेला नामा मोटारी दुरुस्त करायचा, त्याला बोलावलं. त्यानं कंडेन्सर बदलला. परत घूं. त्यानं पुढचं झाकण खोलून पंपातला कचरा काढला. परत तेच. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "वहिनी, वायंडिंग जळालं असेल. नवी टाका."

हे म्हणाले, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. म्हणाले, नव्या कांद्याची आवक होऊ दे. तोवर पाणी हिरवं झालं, वर डासांचा थवा. डॉक्टरांनी त्या पाण्यात पाय घालायची बंदी केली. जमिनीवर आप्पांचा पाय उचलेना. पलंगावर पडल्या पडल्या विचारायचे, "उजे, मोटार झाली का गं?" रोज! आणि रोज मी खोटं बोलायचे, उद्या होईल.

एक दिवस हे जेवता जेवता म्हणाले, "तो टँक मी बुजवून टाकतो. लॉन करू. पार्टीला झकास."

"आणि आप्पांचे पाय?"

"आता कसले पाय, उज्वला? वय बघ त्यांचं."

सख्खा लेक बोलतोय हो! दुसऱ्या दिवशी हे मार्केटात गेल्यावर मी मेन स्विच बंद केला, पदर खोचला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खोपटात शिरले. पुढची बाजू नामानं आधीच खोलली होती, म्हणून मी मागची खोलली. जाळीचं झाकण निघालं. आत मोटारीला वारा घालणारा पंखा होता. त्याच्या दांड्याला दोरा गच्च आवळून बसला होता, त्यात झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्यांचा बोळा. पंखा हातानं फिरेना. जाळीला अजून ती गाठ होती. वेडीवाकडी, पण सुटलेली नाही.

मी तिथंच खाली बसले. देवा, कुणाच्या हातानं हे करवलंस?

दोरा कापला, बोळा काढला, झाकण लावलं. बटण दाबलं, मोटार सुतासारखी चालू! आप्पांना जाऊन सांगितलं, मोटार झाली, वायर सैल होती. डाव्या हातानं त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं.

ह्यांना मात्र खरं सांगावं लागलं, नामाला शिव्या घालत होते म्हणून. गळ्याची शप्पथ घातली, की आप्पांच्या कानावर जाऊ देऊ नका. "मी काय वेडा आहे का?" म्हणाले.

पाणी नितळायला आठवडा गेला. सोमवारी उतरायचं ठरलं. आप्पांनी त्यांचा जुना टॉवेल काढून उशाशी ठेवला. आणि रविवारी पाहुणे आले. काठावर खुर्च्या, भजी, आप्पाही त्यांच्यात बसलेले. कुणीतरी विचारलं, "काय हौसेराव, पूल बंद होता म्हणे?"

आणि माझ्या नवऱ्याला राहवलं नाही. "अहो, आमच्या म्हाताऱ्याची करामत! पूजा करायला गेला आणि मोटारीला फास लावून आला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!"

सगळे हसले. आप्पाही हसले, वाकड्या तोंडानं. मी भज्यांची परात घेऊन उभी होते. ती ह्यांच्या डोक्यात का घातली नाही, ते मला अजून कळत नाही.

सोमवारी सकाळी मी काचा मारून गेले. टॉवेल उशाशी नव्हता. आप्पांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता. "नगं पोरी. लेकाची वस्तू हाय. आपला हात लागला की बिघडतंया."

मी समजावलं, ओरडले, पाया पडले. नाही म्हणजे नाही. त्यांना नुसतं वाईट वाटलं असतं तर समजूत काढता आली असती, पण त्यांना ते पटलं होतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बोटं परत मिटली, पाय तर लाकूड झाले.

त्या दसऱ्याला हे खोपटात पूजेला निघाले, पाहुण्यांना दाखवायला. मीच आप्पांची खुर्ची ढकलत नेली. हार त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हातानं तो लेकापुढं केला. ह्यांनी घेतला आणि घाईघाईत मागच्या जाळीतूनच दोरा ओवायला लागले. मी बघितलं. मुद्दाम गप्प बसले. जळू दे म्हटलं एकदाची.

"तिथं नगं, हौश्या," आप्पा म्हणाले. "म्होरं बांध बाबा. न्हाईतर तुजी मोटार अडकंल."

ह्यांनी हार पुढं बांधला. मोटार अजून छान चालते. पाणी इतकं स्वच्छ आहे की तळाच्या फरश्या मोजाव्यात, आणि रविवारी पाहुणे येऊन वा वा करतात.