डोंगरावर जमलेले भाऊबंद

श्रावणात कानबाई देवी बसली की दोंडाईचा, बोदवड, असोदा, जिथले तिथले बठ्ठे, झाडून सगळे भाऊबंद आमच्याच घरी उतरतात. वर्षभर ज्याची त्याची चूल वेगळी. कानबाईच्या रोटांचा नैवेद्य मात्र एकाच घरी, आणि पीठ मळणारी मी, धाकटी सून. माझ्या जावांची कंबर नेमकी त्याच रविवारी धरते.

सोमवारी विसर्जन. बाई नदीत गेली की पाहुणे आपापल्या गावी. त्याच आशेवर मी उभी होते, हातांचं तर लाकूड झालं होतं.

त्या सोमवारी दुपारी गच्चीवर वाळत घातलेली पातळं काढायला गेले. आमची नदी सातपुड्यातूनच उतरते. सकाळी ढग सुटे सुटे होते, एखादा इकडे शिंपडून पुढे जायचा, दुसरा तिकडे. आता ते सगळे डोंगरावर एका जागी जमून काळे झाले होते आणि हलायचं नाव नव्हतं. आमच्या अंगणात ऊन. ढग तेवढेच, पाणीही तेवढंच. पण सगळं एकाच घरी उतरलं की त्या घराचं काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

खाली सासूबाईंनी कानबाई डोक्यावर घेतली होती. मागे माझा नवरा प्रेमराज आणि सगळे भाऊबंद. नदीच्या मधोमध उभं राहून बाईला सोडायचं, ही आमची रीत.

मी गप्प बसले असते तर संध्याकाळी घर रिकामं झालं असतं. क्षणभर तसं वाटलंही. मग दारातच फतकल मारली.

"आई, नदीत उतरू नका. डोंगरावर ढग बसलेत."

"पाऊस कोठे शे व माय?" सासूबाई म्हणाल्या. "कामाचा कंटाळा आला म्हणून देवीला अडवतेस?"

"कंटाळा तर आलाच आहे. पण मी उठणार नाही."

जावा कुजबुजल्या. प्रेमराजने हात धरून ओढून पाहिलं. मी चौकट सोडली नाही.

त्या ओढाताणीतच नदीकडून घरघर ऐकू आली. घोटाभर पाण्याच्या जागी लाल लोंढा, त्यात मुळासकट सागाची झाडं. फरशी पूल गेला पाण्याखाली, रस्ता बंद.

सासूबाईंनी कानबाई परत पाटावर ठेवली. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "आते कोनी जावानं नही."

मी उठले. प्रेमराज धडधाकट समोर बसला होता, आणि मला पिठाचा डबा पाहून रडू आलं.