सुपातला अंगारा

पारापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. तेल्हाऱ्याकडच्या चार खेड्यांतली माणसं गाभण गायींची दावी धरून उभी होती, आणि मधोमध, वाघाचं कातडं परवडलं नसावं म्हणून घोंगडीवर, अंगारेबाबा डोळे फिरवत बसले होते. लस टोचायला आलेले ढोरांचे डॉक्टर वामनराव सायकल धरून बाजूला ताटकळत होते. त्यांच्याकडे कोण बघतो!

चमत्कार दिसला होता, हीच तर पंचाईत होती. त्या साली गावच्या गायी हाडं खाऊ लागल्या होत्या. गोमाता, आणि शिवेवर मेलेली ढोरं टाकायच्या हाडकीत जाऊन त्यांची हाडं चघळायची! काही लुळ्या पडून मेल्या. व्याल्या त्यांची वासरं पायावर उभी राहीनात. मग बाबा आले, धुनी पेटली, अंगाऱ्याच्या पुड्या निघाल्या. गावातल्या जानरावच्या गायीनं महिनाभर अंगारा खाल्ला, हाडं सोडली, आणि तिचं वासरू जन्मल्या जन्मल्या धडपडत आचळाला लागलं. मग काय विचारता!

"अलख! सात समुंदर का तेज इस राख में है!" बाबा गरजले. सात समुद्र सोडा, बाबांनी जवळची पूर्णा नदी तरी ओलांडली होती की नाही कोण जाणे. "पर बच्चा, रोगाची जड अजून गावातच हाय. साऱ्या गावच्या गाई हाडं खातेत, एकच खात नाही. कोनाची? बोला!"

सगळ्या माना गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या पंचफुलाकडे वळल्या. तीन वर्षांपूर्वी तिच्या साऱ्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. गावाला ते सलत होतंच. बाबांनी त्या सलाला आता नाव दिलं.

"हिनंच करनी केली! आपली गाय राखली, अन् तुमच्या गाईत डाकीन सोडली! तिची गाय धुनीले अर्पन करा, नाही तर एक वासरू जगनार नाही!"

देवराव पाटील खाकरले. "पंचफुले, गावाच्या भल्यासाठी सोड गाय."

पंचफुलाची गाय लाली भरत आली होती. कापूस वेचणीच्या मजुरीवर, पोटाला चिमटा घेऊन तिनं ती आणली होती. तिच्या घराण्यातली ही पहिली जिवंत गाय. आजवर वाट्याला आल्या त्या मेलेल्याच. पंचफुला गर्दीतून वाट काढत बाबांपुढं आली.

"देतो," ती म्हणाली. "पन पयले मलेबी अंगारा द्या. लालीले चारतो."

बाबा खूश झाले. त्यांनी मूठभर पुड्या वरूनच तिच्या पदरात टाकल्या. पंचफुलानं एक सोडून चिमटीत चोळली. जन्मभर चुलीची राख उपसलेल्या बाईला राख ओळखायला गुरू लागत नाही. चुलीची राख पिठासारखी मऊ असते. ही खरखरीत लागली. आणि तिला आठवलं, वेचणीला जाता-येता हाडकीतला ढीग कमी कमी होताना दिसत होता. वस्ती हाडं उचलत नाही, गाव शिवत नाही. मग ती जातात कुठं?

"सूप द्या व माय कोनी!"

जानरावची बायको केशरबाई क्षणभर घुटमळली, मग बाबांसाठी शिधा आणलेलं आपलं सूप तिनं रिकामं करून पुढं केलं.

"अरे, परसाद पाखडते! पाप लागन!" बाबा किंचाळले.

"लागू द्या. डाकीन तं तुमी मले केलीच हाय, आनखी काय होनार?"

तिनं सगळ्या पुड्या सुपात रिकाम्या केल्या आणि पाखडायला लागली. हलकी राख उडून पुढच्या लोकांच्या टोप्यांवर बसली. सुपात पांढरे खडे उरले, आतून जाळीदार. आणि त्यांच्यात एक दात. कुटता कुटता बाबांना डुलकी लागली असावी.

"जानरावभाऊ, तुमी ढोरं पाळता. सांगा, हा दात कोनाचा?"

जानरावनं तो उलटून-पालटून पाहिला. दात सुपात परत ठेवून तो म्हणाला, "गाईचा."

चार जण पारामागच्या बाबांच्या खोपटीत घुसले. तरटाखाली हाडांची रास होती, शेजारी खल. "गाईले गाईचं हाड चारलं! हाना याले!" काठ्या वर झाल्या. बाबांनी आभाळाकडे पाहिलं, पण त्यांना वर ओढून घ्यायला तिथून कोणी गुरू आला नाही.

डॉक्टर सायकल टाकून मध्ये पडले. "मारू नका, पोलिसात द्या. अन् आधी ऐका. गाभण गायीच्या पोटात वासराची हाडं घडत असतात. त्याला चुना लागतो, स्फुरद लागतं. चाऱ्यात ते नसलं तर गाय आपल्या हाडांतलं काढून देते. तेही पुरेनासं झालं की हाडं शोधत फिरते. ती डाकीण नाही, भूक आहे. कच्च्या हाडावर कुजकं मांस असतं, त्याच्या विषानं तुमच्या गायी लुळ्या पडल्या. भाजल्यावर विष गेलं, सत्त्व राहिलं. गुण राखेचा, मंत्र नुसता तोंडाचा वारा."

"मंग हिची लाली काहून हाडं खात नाही?" पाटलांनी विचारलं.

"तिलाच विचारा. पंचफुलाबाई, लालीला काय घालता?"

"सरकी. मजुरीत कापूस भेटते. घरीच हाताच्या रेच्यावर फिरवून त्याची सरकी येगळी काढतो अन् भिजवून तिले देतो."

"झालं! स्फुरद त्या सरकीत आहे. तुम्ही सारा कापूस सरकीसकट जिनिंग कारखान्यात विकता, अन् गायीपुढं कोरडा कडबा टाकता. सरकी द्या, तेल काढून उरलेली ढेप द्या, मीठ द्या. ज्या गायी खंगल्या त्यांना हाडं पांढरी होईस्तोवर भाजून, कुटून, थोडी थोडी ढेपेत कालवून द्या. किती ते मी सांगतो."

दोघा जणांनी बाबांना दंडाला धरून पोलिसात नेलं, आणि पाटलांना हायसं वाटलं. जुन्या सवयीनं ते पंचफुलाकडे वळले. "बरं झालं मंग. पंचफुले, सांग तुह्या वस्तीतल्या लोकायले. उद्या हाडं गोया करून आना."

पंचफुलानं सूप केशरबाईच्या हातात परत दिलं आणि पदर खोचला.

"नाई, पाटील. आमी सोडलं थे काम. गाई तुमच्या, हाडं तुमची, वासरंबी तुमचीच. आता हातबी तुमचेच लागतीन. उपाशी गाईले दोन मुठी सरकी टाकाले तुमाले सुचलं नाई, अन् मले डाकीन ठरवाले बरं सुचलं!"

केशरबाई सूप काखेत मारून घराकडे निघाली, आणि जानराव तिच्या मागोमाग गेला.

दुसऱ्या दिवशी जानराव डोक्यावर टोपलं घेऊन एकटाच हाडकीत उतरला. पाटलांना आठवडा लागला. त्यांची गाय पुन्हा तिकडे वळली तेव्हा तेही नाकाला उपरणं लावून आले. लालीला कालवड झाली. तासाभरात ती पंचफुलाच्या अंगणात चार पायांवर उभी राहिली, मंत्र नाही की पुडी नाही.

अंगारा देणारे पुष्कळ भेटतील बाप्पा, आणि त्यातल्या एखाद्याचा गुणही येईल. गुण आला तरी तो कशानं आला ते विचारा. आणि तेवढ्या वेळात कोणी शेजारणीकडे बोट दाखवून डाकीण म्हणालाच, तर आधी घरातलं सूप काढा.