श्वास घेणारी घागर

घागर श्वास घेत होती. भीमेच्या डोहाकाठी दोनशे माणसं कान टवकारून बसली होती, आणि घागरीतून ‘गुळुक’ आवाज आला की बायका हात जोडत होत्या. साल १९७२. नदी आटली होती. काष्टीच्या खालच्या अंगाला हा एवढाच डोह उरला होता. काठावरच्या देवीचे चांदीचे डोळे चोरीला गेले, तेव्हा आबासाहेब पाटलांनी खर्ड्याकडून घागरीबाबाला बोलावून घेतलं.

बाबाचा कायदा सोपा होता. संशयिताने घागरीत हात घालून तळाचा खडा मुठीत धरून वर आणायचा. साव असेल तर खडा येईल, चोर असेल तर आई डसेल. प्रत्येकाला पाणी ताजं हवं, म्हणून बाबा घोंगडीच्या आडोशाला जाऊन घागर भरून आणी. दर गुळुकीला तो डोळे फिरवून म्हणे, “आई जागी हाय.” आई गप्प राहिली, तर स्वतः ढेकर देई.

गेल्या सोमवारी पाटलांच्या भावकीतले पाच जण खडा घेऊन सुटले. कडूबाई मात्र किंचाळली. नवऱ्याने टाकलेली, पाठीशी कोणी नसलेली बाई. तिचा हात कोपरापर्यंत सुजला आणि त्याच दुपारी तिला गावाबाहेर हाकलून दिलं. पोरांनी ढेकळं मारली. मोठ्यांनी नेम कसा धरायचा ते सांगितलं.

आज पाळी मनकर्णेची होती. ती विधवा, त्यात मासे विकणाऱ्या अख्तरीबरोबर गळ टाकू लागलेली. हात सुजला तर तिचंही गाव सुटणार होतं.

पण कडूबाईच्या अंगठ्याखालचं भोक तिने पाहिलं होतं. तसंच भोक महिन्यापूर्वी तिच्या स्वतःच्या हाताला पडलं होतं. खोल डोहात गळ सोडायला अख्तरीनेच शिकवलं: दोरीला दगड, गळाला गांडूळ, दोरी बोटावर घेऊन गप्प बसायचं. पहिलीच मासळी लागली ती शिंगी, वीतभर, काळी, मिशांची. मनकर्णेने ती आनंदाने मुठीत आवळली आणि रात्र पडेपर्यंत कळवळत राहिली. अख्तरीने तिचा हात सोसवेल तितक्या कढत पाण्यात धरला आणि पोट धरून हसली.

“आक्का, आवळायचं न्हाई. कल्ल्यामागं दोन काटे हायेत, लई विख त्यात. त्यांच्या मागनं चिमटीत धर.”

ही शिंगी वर येऊन हवा गिळते, म्हणून भांड्यातही दोन-दोन दिवस जगते, हेही तिनेच सांगितलं होतं.

“खडा घट्ट धर, बाई,” बाबा म्हणाला.

मनकर्णेने मूठ उघडीच ठेवली. हात अंदाजाने खाली सरकवला, चिमूट लावली आणि तडफडणारी शिंगी वर काढली.

“ही तुमची आई,” ती म्हणाली. “परवा अशा सात शिजवल्या मी.”

अख्तरीने घोंगडी ओढली. मागे दुसरी घागर होती, तशीच, नुसत्या पाण्याची. ती भावकीसाठी.

मनकर्णेने शिंगी परत घागरीत सोडली, तोच लोक बाबावर तुटून पडले. चौघांनी त्याचा हात घागरीत कोंबून दाबून धरला. तो ओरडला, हात फुगला, आणि गर्दी समाधानाने म्हणाली, चोर घावला. चोरी झाली तेव्हा बाबा खर्ड्यालाच होता. ते कोणाला आठवलं नाही.

मनकर्णेने कडूबाईला परत आणायला सांगितलं.

“बाबा लबाड हुता, मान्य,” आबासाहेब म्हणाले. “पन कडूचा हात सुजलाच हुता की.”

“मंग तुमी घाला हात. शिंगी हाय अजून आत.”

आबासाहेबांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. म्हणजे त्यांना सगळं समजलं होतं.

त्या दुपारी कडूबाईला शोधायला मनकर्णा आणि अख्तरी दोघीच दौंडच्या रस्त्याला लागल्या. गावातून तिसरं कोणी गेलं नाही.

सुजलेला हात एवढंच सांगतो की त्याला काटा टोचला. चोरी कोणी केली हे त्याला माहीत नसतं, घागरीलाही नसतं. ज्याला खरंच जाणून घ्यायचंय, त्याने माणसांकडे चौकशी करावी, पुरावा मागावा. आणि जो न्याय स्वतःचा हात खिशात ठेवून दुसऱ्याचा पाण्यात घालायला सांगतो, त्याला देवाचा म्हणू नये.